नुसते बघण्याचे पैसे

महोदय,

गाडीचे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) कमी होते म्हणून दाखवायला गेलो, आधी रेडिएटर बदलला, मग हेड गॅस्केट गेले म्हणाले, गॅरेजवाले लुटतात, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपण नुकतेच छापलेत. दांडेकर पुलापाशी माझे स्वतःचे छोटे गॅरेज आहे. पत्र मला झोंबले, पण तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. गळती न शोधता पार्ट बदलत सुटणे हे आमच्या धंद्यात सर्रास चालते. ते का चालते, एवढेच सांगायचे आहे.

होज पाइप फुटला, क्लिप सैल झाली, रेडिएटरखाली थारोळे साचले, तर त्याला शोधणे म्हणत नाहीत. पोऱ्याही दाखवून देईल. खरा वेळ जातो तो न दिसणाऱ्या गळतीत. गेल्या डिसेंबरात सहकारनगरच्या एका निवृत्त गृहस्थांची गाडी अशीच आली. बॉनेटखालच्या बाटलीतले कूलंट सारखे खालच्या खुणेखाली जायचे, पण पार्किंगच्या फरशीवर थेंब म्हणून नाही. दुसरीकडे त्यांना नवा रेडिएटर आणि नवे झाकण बसवून दिले होते. तरी पाणी कमी होतच राहिले, तेव्हा ‘आता हेड उतरवावे लागेल’ असे सांगून खर्चाचा आकडा कागदावर लिहून दिला होता. तो कागद घेऊनच ते माझ्याकडे आले.

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याच्याखालचे पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट. हेड उतरवणे म्हणजे अर्धे इंजिन सोडणे. त्याआधी ज्या गोष्टी पाना न लावता कळतात त्या बघायच्या. ऑइलची पट्टी काढली, ऑइल दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात पाणी शिरले नव्हते. इंजिन तापल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नव्हता. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी लावायची असते, तिच्यात निळे रसायन असते. जळलेला वायू गॅस्केटमधून पाण्यात शिरत असेल तर ते पिवळे पडते. ते निळेच राहिले. आत डाव्या पायाखालचे कार्पेट कोरडे, एसीच्या झरोक्यातून गोडसर वास नाही, काचेवर चिकट वाफ नाही, म्हणजे कूलंट ज्यातून फिरते तो डॅशबोर्डमागचा हीटरही संशयातून सुटला.

मग प्रेशर टेस्टर लावला. हा हातपंप असतो, त्याला दाब दाखवणारे घड्याळ असते आणि तो झाकणाच्या जागी बसतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो (बार या दाबाच्या मापात), तेवढाच दाब भरायचा, जास्त भरला तर चांगला जोडही सुटतो. या दाबाला इतके महत्त्व का, ते गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, आणि इंजिन तर त्याच्या जवळपासच चालते. झाकणाने एक बारचा दाब धरला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरचेच तत्त्व आहे. त्यामुळे गळती बारीक असली तरी दाब धरला जात नाही आणि गाडी उकळते. साताऱ्याकडे जाताना मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आठवा.

या गाडीला संध्याकाळी, इंजिन गरम असताना दाब भरला. काटा हलेना, म्हणजे दाब टिकून होता. इथेच बरेच जण ‘लीकेज नाही, हेडच असणार’ म्हणून मोकळे होतात. मी गाडी रात्री ठेवून घेतली. सकाळी इंजिन थंडगार असताना पुन्हा दाब भरला आणि चहा घेऊन आलो, तर काटा उतरू लागला होता. खालचा प्लास्टिकचा पत्रा सोडला, आम्ही त्यालाही पत्राच म्हणतो. त्यावर कूलंट सुकून गुलाबी पापुद्रा धरला होता. फरशीवर थेंब का नव्हता, ते तिथेच कळले. पडलेला थेंब पत्र्यावरच इंजिनाच्या धगीने वाळत होता.

आरसा आणि टॉर्च घेऊन वर शोधत गेलो, तर कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पुलीमागचे बारीक भोक ओले सापडले. हे भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावे आणि आपल्याला वेळेत कळावे, यासाठी. (ते एम-सीलने बुजवून पाठवलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. त्या कारागिरांना दंडवत.) सील थंडीत आकसले की पाझरायचे, इंजिन तापले की फुगून बसायचे. म्हणून संध्याकाळी काटा हलला नव्हता.

पुढचे काम सरळ होते. नाना पेठेतून पंप आणला, जुने पॅकिंग खरवडून जागा साफ केली, नवा बसवला. कंपनीने सांगितलेलेच कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे करून भरले. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा लागेपर्यंत इंजिन चालवून हवा काढली. गाडी थंड झाल्यावर पुन्हा दाब भरून पाहिला. काटा जागेवर.

बिलात पंप, कूलंट, मजुरी आणि ‘चेकिंग ५०० रुपये’ एवढे लिहिले. गृहस्थांनी पंपाच्या किमतीवर चकार शब्द काढला नाही. चेकिंगवर मात्र म्हणाले, ‘‘हे कशाचे? तुम्ही नुसतं बघितलंत ना?’’

संपादक महाशय, सारे दुखणे या वाक्यात आहे. हेड उतरवायचा खर्च ज्या कामामुळे वाचला, तेवढ्याच कामाचे पैसे त्यांना जड झाले. नवा रेडिएटर बिलात दिसतो, डिकीत जुना ठेवून घरी नेता येतो. रात्रभर उभ्या केलेल्या गाडीची अडलेली जागा, सकाळचा तास, दोन उपकरणे, आणि ‘हेड ठीक आहे’ हा निष्कर्ष यातले काहीच हातात देता येत नाही. मग शहाणा कारागीर काय करतो? शोधायचा वेळ फुकट जाणार असेल तर तो अंदाजाने पार्ट बदलतो. लागला तर लागला, नाही तर पुढचा. पैसे त्याला दोन्ही वेळा मिळतात. लुटण्याचा हेतू नसला तरी गिऱ्हाइकाचे नुकसान तेवढेच होते.

मी शिकलो तेव्हा हे चालून जायचे. पद्मिनी, अॅम्बेसेडरला तांब्या-पितळेचे रेडिएटर असत, भोक पडले की झाळून आणायचे. ट्रकवाले तर हळद टाकून घाट ओलांडायचे. आताच्या रेडिएटरला अॅल्युमिनियमची जाळी आणि वर-खाली किंवा बाजूला प्लास्टिकच्या टाक्या, मध्ये रबराचे सील. तिथे झाळणे नाही, आणि हळद किंवा बाजारात मिळणारी गळती बंद करणारी बाटली हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. अनेक लहान गाड्यांत तर तापमानाचा काटाच उरलेला नाही, नुसता लाल दिवा. तो लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

पत्रलेखकांना सुचवावेसे वाटते की, हेड उतरवायला होकार देण्याआधी दाबाची चाचणी गरम आणि थंड दोन्ही वेळा केली का, ते विचारा. काटा स्वतः बघा. घड्याळाचा फोटो काढून द्या म्हणा, जॉब कार्डावर आकडा लिहून घ्या. जो चेकिंगचे पैसे मागतो त्याच्यावर संशय घेण्याआधी, जो मागत नाही तो ते कुठून वसूल करतो तेही बघा. दरम्यान बाटलीत नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतत राहू नका, क्षार धरतात. गरम इंजिनाचे झाकण तर मुळीच उघडू नका, वाफेने तोंड भाजते. आणि सांडलेले कूलंट धुऊन काढा. ते चवीला गोड असते आणि विषारी असते. सोसायटीतली कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. माझ्या गॅरेजमागेच आंबिल ओढा आहे, त्यात जुने कूलंट ओतणाऱ्या माझ्या धंदाबंधूंबद्दल वेगळे पत्र लिहीन.

पत्रलेखकांची गाडी अजून तशीच असेल तर त्यांनी ती जरूर आणावी. रात्री आणून सोडावी, वाटेत बाटली भरू नये. दुपारी तापलेली गाडी घेऊन आले तर मी ती दुसऱ्या दिवशी सकाळीच बघेन. चेकिंगचे ५०० रुपये वेगळे पडतील.

आपला,
एक गॅरेजचालक,
दांडेकर पूल, पुणे