जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगची दुरुस्ती दुर्लक्षित राहू नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुने शेती ट्रॅक्टर पुन्हा चालते करण्याविषयी जे काही छापून येते, त्यात इंजिन आणि रंगकाम यांनाच बहुतेक जागा मिळते. स्टिअरिंगचा विषय निघालाच, तर ‘बॉक्सचा स्क्रू थोडा आवळा, प्ले (चक्र फिरवूनही चाके न वळण्याइतकी ढिलाई) जाईल’ एवढ्या सल्ल्यावर तो आटोपतो. हा सल्ला अपुरा तर आहेच, पण धोकादायकही आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ट्रॅक्टरचा बहुतेक वेळ सरळ रेषेत चालण्यात जातो. त्यामुळे स्टिअरिंग बॉक्समधील वर्म (मळसूत्री दांडा) आणि त्याच्याशी जुळणारे दाते मधल्या भागात सर्वाधिक झिजतात. पूर्ण वळणाच्या वेळी कामी येणारे टोकांकडचे दाते मात्र जवळजवळ नव्यासारखे राहतात. मधली ढिलाई पूर्ण जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर टोकांकडे तेच दाते एकमेकांत रुततात, चाक वळणावर अडकते आणि चालक जोर लावून ते सोडवू पाहतो. म्हणून चाके सरळ असताना स्क्रू हळूहळू आवळावा, प्रत्येक वेळी स्टिअरिंगचे चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे आणि कुठेही जडपणा जाणवताच थांबावे. त्यानंतरही मधला प्ले उरत असेल, तर दाते बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे.

मुळात सगळा दोष बॉक्सचाच असतो असेही नाही. इंजिन बंद ठेवून, चाके जमिनीवर असताना एकाने चक्र थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा दांडा), ड्रॅग लिंक (त्याला चाकाकडे जोडणारी सळई), टाय रॉड (पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारी सळई) व त्यांचे बॉल जॉइंट (गोल डोक्याचे सांधे) यांवर क्रमाने बोट ठेवत जावे. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला पुढचा भाग मागे राहतो, तिथे झीज आहे. पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यास आणखी एक उलगडा होतो: स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड आस) स्थिर राहून फक्त हब (चाकाचा मधला भाग) हलत असेल तर बेअरिंग ढिले आहे, स्टब ॲक्सलही सोबत हलत असेल तर किंगपिनचे (ज्या उभ्या पिनवर चाक वळते तिचे) बुश, म्हणजे पिनभोवतीची धातूची नळकांडी, गेले आहेत. मात्र पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर एका बाजूला कलंडू शकतो. मागच्या चाकांना अडण, ॲक्सल व सांगाडा यांच्यामध्ये लाकडी पाचर आणि खाली भक्कम स्टँड, एवढी तयारी झाल्याशिवाय खाली हात घालू नये.

बुश बदलण्याच्या कामात घाई फार नडते. नवा बुश दाबून बसवताना तो किंचित आवळतो, म्हणून वरचा व खालचा बुश एकाच रेषेत रीमरने (छिद्र कोरून मोठे करणाऱ्या हत्याराने) मापात आणावे लागतात आणि बुशचे छिद्र ग्रीस निपलच्या (ग्रीस भरण्याच्या तोंडाच्या) छिद्रासमोर यावे लागते, नाहीतर ग्रीस आत पोहोचतच नाही. पिनच लंबगोल झिजली असेल, तर तिच्यावर नवा बुश घालणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. पुढे ग्रीस भरतानाही ॲक्सल उचलून, चाकावरचा भार काढून भरावे; भार असताना खालच्या, भार पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगच्या फटीत ते नीट शिरत नाही.

माझा सर्वांत तीव्र आक्षेप वेल्डिंगला आहे. झिजलेल्या बॉल पिनवर, वाकलेल्या स्टिअरिंग आर्मवर किंवा तडकलेल्या ड्रॅग लिंकवर वेल्डिंगचा टाका मारून काम भागवणे मला मुळीच मान्य नाही. उष्णतेने पोलादाचे पाणी (कठीणपणा) उतरते, टाक्याच्या कडेला भेग सुरू होते आणि एक दिवस तो भाग पूर्वसूचना न देता तुटतो. इंजिन बंद पडले तर ट्रॅक्टर थांबतो. स्टिअरिंग तुटले तर तो चालतच राहतो, आणि मागे भरलेली ट्रॉली असते. असा भाग बदलावा. मिळत नसेल तर मिळेपर्यंत ट्रॅक्टर उभा ठेवावा.

१९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई२० या ट्रॅक्टरमध्ये टाय रॉड नाही. स्टिअरिंग बॉक्सच्या दोन्ही बाजूंनी एकेक ड्रॅग लिंक आपापल्या चाकाकडे जाते. अशा रचनेत एकाच बाजूचा जॉइंट झिजला, तरी दोन चाकांची परस्पर दिशा बिघडते आणि टायर एकीकडून खाल्ले जातात. त्यामुळे जॉइंट बदलल्यावर टो-इन (पुढची चाके समोरच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते) मोजणे टाळता येत नाही. हबच्या उंचीवर रिमवर खूण करून पुढचे अंतर मोजावे, मग ट्रॅक्टर पुढे ढकलून चाके अर्धा फेरा फिरवावीत आणि तीच खूण मागे आल्यावर पुन्हा मोजावे, म्हणजे वाकड्या रिमची चूक मापात येत नाही. त्या मॉडेलच्या मूळ पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. जॉइंटच्या नटाची खाच पिनच्या छिद्राशी जुळत नसेल, तर नट सैल न करता पुढच्या खाचेपर्यंत आवळावा आणि नट अडवून धरणारी स्प्लिट पिन दरवेळी नवी घालावी.

आपल्या कृषी पानावर जुन्या ट्रॅक्टरांना जागा मिळते, त्यातील थोडी या कामासाठी राखून ठेवावी आणि अनुभवी कारागिरांकडून वेगवेगळ्या मॉडेलांच्या बुशची मापे, शिमची (फट भरणाऱ्या पातळ चकत्यांची) जाडी व टो-इनचे आकडे मागवून प्रसिद्ध करावेत, ही विनंती. अनेक जुन्या पुस्तिका आता सहज सापडत नाहीत आणि ही मापे कारागिरांच्या वह्यांतच राहिली आहेत.

आपला विश्वासू,
एक वाचक