हेलिकॉप्टरला देणगी देता, मग तळाला का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एअर ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेचा तळ दुसरीकडे हलवायचा म्हटलं आणि त्यासाठी निधी मागितला की लोक लगेच म्हणतात, पेशंटसाठी दिलेले पैसे बिल्डिंगवर कशाला घालवता. मला हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय.

तळ म्हणजे नुसतं ऑफिस आणि हेलिकॉप्टर उभं करायची जागा नाही हो. हँगर, इंधनाची टाकी, औषधांचा साठा, रक्ताच्या पिशव्यांचा फ्रीज, डॉक्टर, पॅरामेडिक आणि पायलटला दोन कॉलच्या मधे जरा पाठ टेकायला खोली, हे सगळं त्यात आलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो आहे कुठे. ताशी 240 किमीने उडणारं हेलिकॉप्टर मिनिटाला 4 किमी जातं, म्हणजे तळ 20 किमी लांब पडला तर त्या बाजूच्या प्रत्येक कॉलला 5 मिनिटं गेलीच, आणि हृदय बंद पडलेल्या किंवा सारखं रक्त वाहत असलेल्या माणसासाठी 5 मिनिटं किती असतात हे कुठल्याही डॉक्टरला विचारा.

शिवाय संस्था काही हौसेने जागा बदलत नाहीत. ब्रिटनमध्ये 1987 ला कॉर्नवॉलमध्ये पहिली हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स सुरू झाली आणि आजही तिथल्या बहुतेक सेवा लोकांच्या देणग्यांवर चालतात. त्यातल्याच ग्रेट वेस्टर्न एअर ॲम्ब्युलन्सचं बघा, त्यांचा तळ असलेलं ब्रिस्टलजवळचं फिल्टन विमानतळ 2012 ला बंद झालं, ती जमीन घरं बांधायला निघाली, शेवटी 2018 मध्ये त्यांना आल्मंड्सबरीला जावं लागलं. अशा वेळी निधी नाही जमला तर काय करायचं त्यांनी, हेलिकॉप्टर शेतात ठेवायचं का?

आता दुसरी बाजू पण आहे. वेल्समध्ये कार्नार्व्हन आणि वेल्शपूलचे तळ बंद करून उत्तरेला एकच तळ करायचं ठरलं तेव्हा तिथले लोक प्रचंड चिडले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. एकत्र आलेल्या टीम जास्त पेशंटपर्यंत पोचतील असं तळ हलवणाऱ्यांचं म्हणणं, आणि आमच्या गावाला उशीर होईल ही लोकांची भीती. मला दोघांचंही कळतं. म्हणूनच निधी मागताना संस्थेने सरळ नकाशा पुढे ठेवावा, कुठल्या भागात किती मिनिटं वाचणार आणि कुठल्या भागात वाढणार, वाढणार असतील तर तिथे रस्त्याने जाणारी क्रिटिकल केअरची, म्हणजे गंभीर पेशंटवर जागेवरच उपचार करणारी गाडी ठेवणार का. हे लपवलं की लोक पैसे देत नाहीत, आणि मला त्यात लोकांची चूक वाटत नाही.

आणि तळाचा निधी वेगळ्या खात्यात ठेवा, रोजच्या उड्डाणांच्या पैशाला हात लावू नका. देणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे, दर महिन्याला देत असाल ते तोडून तळाला देऊ नका, जमलं तर वरचे थोडे द्या, कारण बांधकाम चालू असतानाही जुन्या तळावरून हेलिकॉप्टर रोज उडत असतं आणि त्याचं इंधन, मेंटेनन्स, पगार काही थांबत नाहीत. ब्रिटनमध्ये टॅक्स भरणाऱ्यांनी गिफ्ट एडचा फॉर्म जरूर भरावा, देणगीच्या 1 पौंडामागे संस्थेला 25 पेन्स सरकारकडून जास्तीचे मिळतात आणि तुमच्या खिशातून काहीच जात नाही.

आपला,
एक नियमित वाचक