टोचन किटमधली शॅकल तुटल्याबद्दल आणि त्यावर मिळालेल्या उत्तराबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी
(कंपनीचे नाव व पत्ता बिलावर दिल्याप्रमाणे)

विषय : '५ टन' छापलेली डी-शॅकल ओढताना तुटल्याबाबत, माहितीपत्रकातील धोकादायक चित्राबाबत आणि वॉरंटी नाकारल्याबाबत.

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मी गाड्या टोचन करण्याचे किट मागवले होते. त्यात नायलॉनचा पट्टा, दोन डी-शॅकल (इंग्रजी D च्या आकाराची, आडव्या पिनेने बंद होणारी लोखंडी कडी) आणि एक टोचन दांडा आहे. खोक्यावर, पट्ट्यावर आणि शॅकलवर, तिन्हीकडे '५ टन' एवढेच छापलेले आहे. यातली एक शॅकल ओढताना तुटली आणि पट्ट्यासकट ट्रॅक्टरवर बसलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या दिशेने आली. तो थोडक्यात वाचला. तक्रार नोंदवल्यावर आपल्या ग्राहक सेवेने कळवले की, वाहन बंद अवस्थेत होते आणि वापर रस्त्याबाहेर झाला, म्हणून वॉरंटी लागू होत नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. चालू गाडी कोणी टोचन करून नेत नाही. बंद गाडी हलवायची म्हणूनच हा माल लोक घेतात. आपल्याच खोक्यावर चिखलात रुतलेल्या जीपचे चित्र आहे. ज्या कामाचे चित्र दाखवून वस्तू विकली, त्याच कामाला ती वापरली तर तो गैरवापर कसा होतो, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

आमची शेती निफाड तालुक्यात आहे. वडिलांच्या काळातली मॅटाडोर, एक पद्मिनी आणि एक जुनी महिंद्रा जीप अशा तीन गाड्या वस्तीमागे बरीच वर्षे उभ्या आहेत. याच मॅटाडोरमधून आमचा कांदा लासलगावला जायचा. गाड्या भंगारात घालायच्या नाहीत असे घरच्यांचे ठरले आहे, पण नवीन कांदाचाळीसाठी ती जागा मोकळी करायची होती. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात चाक आपल्या वजनाने खाली बसते आणि उन्हाळ्यात तीच माती चाकाभोवती आवळून कडक होते. अशी गाडी नुसती ओढली तर ॲक्सल नाहीतर चासी वाकते. म्हणून आम्ही आधी कुदळीने चाके मोकळी केली, पुढे फळ्या टाकल्या, टायरमध्ये हवा भरून ती टिकते का ते पाहिले. जीपचे मागचे ब्रेक जाम होते. जॅक लावून ड्रम काढले, शू सैल केले आणि चाक हाताने फिरते याची खात्री करून घेतली. प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्स आणि चाकांचा ॲक्सल जोडणारा दांडा) सोडवून ठेवले, म्हणजे गिअरबॉक्स विनाकारण फिरायला नको. हे सगळे लिहायचे कारण असे, की आपल्या उत्तरातला सूर 'शेतकऱ्याने काहीतरी आडदांडपणा केला असेल' असा आहे. आमच्या घरात गॅरेजचे काम दोन पिढ्यांपासून माहीत आहे.

पद्मिनी कडक जमिनीवर होती, ती विनासायास निघाली. त्यानंतर जीप घेतली. पट्टा ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारला (मागच्या बाजूच्या, ओढायच्या लोखंडी पट्टीला) आणि जीपच्या बाजूने शॅकल चासीच्या ब्रॅकेटला लावली. शॅकलची पिन पूर्ण आवळली होती. पट्ट्यावर मधोमध ओली पोती टाकली, बायका-मुलांना गोठ्यापलीकडे पाठवले, जीपच्या स्टिअरिंगवरही कोणाला बसवले नाही. भावाने लो गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडत पट्ट्याची ढिलाई काढली. हिसका दिलेला नाही. पट्टा ताठ झाला, जीप हलायला लागली आणि त्याच क्षणी जीपकडच्या शॅकलची पिन तुटली. पिनेचे तुकडे जीपजवळच पडले. शॅकलचा वाकडा भाग पट्ट्यात अडकलेला होता, तो पट्ट्याबरोबर ट्रॅक्टरकडे गेला. पोत्यांच्या वजनामुळे पट्टा खाली आला आणि तो तुकडा मडगार्डवर आदळला. पत्र्याला खोल पोचा आला, मागचा दिवा फुटला. भावाची पाठ तिथून हातभर अंतरावर होती.

नायलॉन ताणला की लांबतो आणि ताणाची सगळी शक्ती धरून ठेवतो. रुतलेली गाडी काढायला हा गुण चांगला आहे, पण टोकाचे लोखंड तुटले तर ते गोफणीतल्या दगडासारखे सुटते. म्हणून अशा पट्ट्याबरोबर दिलेली शॅकल पट्ट्यापेक्षा कितीतरी भक्कम असली पाहिजे. आपल्या किटमध्ये नेमकी तीच सगळ्यात कच्ची निघाली.

आता ताणाचा हिशेब पाहा. जीपचे वजन सुमारे सव्वा टन. आमचा ट्रॅक्टर मॅसी १०३५, त्याचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास. शेतातल्या मातीत ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या निम्म्या ते पाऊणपटीपुढे ओढायला गेला की त्याची चाके जागेवर फिरू लागतात. म्हणजे संथ ओढीत शॅकलवर सव्वा टन, फार तर दीड टन ताण येऊ शकतो. ५ टन लिहिलेली वस्तू दीड टनाला तुटली, हा सरळ दोष आहे. शिवाय उचलण्या-ओढण्याच्या सामानावर जो आकडा असतो तो सुरक्षित वापराचा असतो. चांगल्या शॅकलची तुटण्याची मर्यादा त्याच्या पाच ते सहा पट ठेवतात. त्या हिशेबाने आपली शॅकल २५ टनांच्या आत तुटायलाच नको होती. आपला '५ टन' हा आकडा सुरक्षित वापराचा आहे की तुटण्याचा, हे खोक्यावर, पट्ट्यावर किंवा पत्रकात कुठेही लिहिलेले नाही. घेणारा माणूस तो सुरक्षित वापराचाच समजणार आणि त्या भरवशावर जवळ उभा राहणार.

मी दुसऱ्या, न तुटलेल्या शॅकलचे माप व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) घेतले. पिन १६ मिलिमीटर आणि अंग जेमतेम १३ मिलिमीटर भरते. बाजारात मिळणारी पावणेपाच टनांची प्रमाणित शॅकल १९ मिलिमीटर अंगाची असते आणि तिची पिन २२ मिलिमीटरची. १३ आणि १६ हे माप २ टनांच्या शॅकलचे आहे, तेही ती घडीव पोलादाची असेल तर. तुटलेल्या पिनेचे तोंड पाहिले तर आतला धातू करड्या, जाड दाण्यांचा दिसतो आणि एका कडेला नखाएवढा भाग काळपट, गंजलेला आहे. तो भाग ताजा तुटलेला नाही. चीर आधीपासून होती. घडीव पिन तुटण्याआधी वाकते, शॅकल फाकते, माणसाला कळते आणि तो थांबतो. ही पिन अजिबात न वाकता दोन जागी सरळ तुटली. माल ओतीव आहे असे माझे मत आहे. नसेल तर आपण चाचणीचा दाखला दाखवावा.

पट्ट्यावर शिवलेले लेबल नाही. उचलण्याच्या पट्ट्यांवर नायलॉन असेल तर हिरवे, पॉलिस्टर असेल तर निळे आणि पॉलिप्रॉपिलीन असेल तर तपकिरी लेबल लावण्याची युरोपीय मानकाची पद्धत आहे, त्यावर भाराचा आकडाही असतो. आपल्या पट्ट्यावर फक्त छपाई आहे आणि ती ओल्या पोत्याखालीच पुसट झाली. टोचन दांड्याच्या पिनेला लावायची स्प्रिंगची क्लिप यादीत आहे, खोक्यात नव्हती. ती आम्ही आमची वापरली.

माझी सर्वात गंभीर तक्रार मात्र माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यातल्या तिसऱ्या चित्रात पट्टा ट्रॅक्टरच्या टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या वर बांधलेला दाखवला आहे. असा पट्टा बांधून रुतलेली गाडी ओढली की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि तो मागच्या ॲक्सलवर गरकन उलटून चालकाच्या अंगावर येतो. क्लच दाबायलासुद्धा वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरने ओढायचे ते फक्त खालच्या ड्रॉबारने, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकांमध्ये बजावून सांगितलेले असते. ज्याच्या घरात हे कोणी सांगणारे नाही, असा एखादा पोरगा आपले चित्र पाहून तसाच पट्टा बांधेल. शॅकल तुटली तर पैसे परत देता येतील. त्या चित्राने कोणाचा जीव गेला तर आपण काय परत देणार?

किटची पूर्ण रक्कम आणि मडगार्ड व दिव्याच्या दुरुस्तीचा खर्च मला परत मिळावा. पण तेवढ्यावर मी ही तक्रार मागे घेणार नाही. या लॉटमधल्या शॅकलची विक्री थांबवावी आणि ज्यांनी किट नेले आहे त्यांना फोन किंवा संदेश करून शॅकल न वापरण्यास कळवावे. ग्राहकांचे नंबर आपल्याकडे आहेत, त्यामुळे हे एका दिवसाचे काम आहे. ते चित्र वेबसाइटवरून लगेच काढावे. यापुढे प्रत्येक नगावर सुरक्षित भार आणि तुटण्याचा भार वेगवेगळा लिहावा आणि पत्रक मराठी, हिंदीतही द्यावे. आत्ताचे पत्रक फक्त इंग्रजीत आहे आणि वापरणारे बहुतेक ट्रॅक्टरवाले, गॅरेजवाले आहेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहे. पहिल्या तक्रारीला पोच मिळाली नव्हती, थेट नकार आला. या पत्राची पोच तक्रार क्रमांकासह मिळावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार सदोष उत्पादन आणि वापराच्या अपुऱ्या सूचना या दोन्हींची जबाबदारी उत्पादकावर येते. महिनाभरात समाधान झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी जिथे राहतो तिथे दावा दाखल करता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला शुल्क नाही, हे मला माहीत आहे.

आपल्या प्रतिनिधीने तुटलेली शॅकल कुरिअरने परत पाठवायला सांगितले आहे. ती मी पाठवणार नाही, कारण माझ्याकडे तोच पुरावा आहे. आपला माणूस वस्तीवर येऊन ती पाहू शकतो, मोजू शकतो, फोटो काढू शकतो. प्रयोगशाळेत तपासायची असेल तर दोघांच्या संमतीने, सीलबंद करून आणि माझ्याकडे पोच ठेवून पाठवू. न तुटलेली दुसरी शॅकलही त्याच तपासणीला द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक बिलावर आहे)
तालुका निफाड, जिल्हा नाशिक

सोबत : बिलाची प्रत, ग्राहक सेवेच्या उत्तराची प्रत, तुटलेल्या पिनेचे, मडगार्डचे आणि व्हर्नियरवरील मापाचे फोटो, माहितीपत्रकातील तिसऱ्या चित्राचा फोटो, दुरुस्तीची पावती.