आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

नेरुळ, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "जे प्रथिन काम झालं की निघून जातं, त्याच्यामागे एवढी वर्षं कशाला घालवायची?" तू म्हणत होतीस ते हिस्टोन शॅपरोन, म्हणजे डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनांना सांभाळून जागेवर पोचवणारं प्रथिन; मी अशाच एकावर काम करते. बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे उत्तर मला तुम्हा दोघांनाही द्यायचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा.

आपल्या एकेका पेशीत साधारण दोन मीटर लांबीचा डीएनए असतो, आणि ज्या केंद्रकात तो मावतो ते जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं. हे जमतं हिस्टोन नावाच्या प्रथिनांमुळे. चार प्रकारचे हिस्टोन, प्रत्येकी दोन, असा आठांचा गट होतो आणि डीएनए त्याला दोनाला थोडे कमी वेढे घालतो. त्या वेढ्यांत डीएनएच्या अक्षरांच्या १४७ जोड्या बसतात. या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात. रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये ही रचना सुचवली. १९९७ मध्ये कॅरोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून तिचं तपशीलवार चित्र मिळवलं. एका पेशीत असे सुमारे तीन कोटी न्यूक्लिओसोम असतात.

आता खरी गोष्ट. हिस्टोनवर धन भार असतो, डीएनएवर ऋण. म्हणजे ते आपणहून चिकटायला हवेत. चिकटतातही, आणि तीच अडचण आहे. आई, उकळत्या पाण्यात कोरडं बेसन एकदम टाकलं तर पिठल्याचं जे होतं, तेच इथे होतं. नळीत दोन्ही एकत्र केले की स्वच्छ द्रव डोळ्यांदेखत दुधट होतो आणि थोड्या वेळाने तळाशी पांढरा गाळ बसतो. त्यातून एकही नीट न्यूक्लिओसोम मिळत नाही.

प्रयोगशाळेत आम्ही यावर मिठाचा उपाय करतो. २ मोलर मिठाच्या द्रावणात, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या तिपटीहून खारट पाण्यात, डीएनए आणि हिस्टोन एकमेकांना धरत नाहीत. मग चार अंशांच्या थंड खोलीत डायलिसिसची पिशवी, म्हणजे मीठ बाहेर झिरपू देणारी पण डीएनए आणि प्रथिनं आत ठेवणारी पिशवी, टांगायची आणि रात्रभर हळूहळू मीठ उतरवत न्यायचं. चार हिस्टोनांपैकी आधी एच३ आणि एच४ बसतात, मागाहून एच२ए आणि एच२बी. सकाळी नमुना जेलवर, म्हणजे रेणू वेगवेगळे करणाऱ्या लुसलुशीत थरावर, विजेने चालवला की मोकळा डीएनए खाली पळतो आणि न्यूक्लिओसोमचा पट्टा त्याच्या बराच वर थांबतो. तो पट्टा एकटाच, रेखीव आला की मला अजूनही फार आनंद होतो.

पण पेशीत एवढं मीठ नसतं आणि रात्रभर थांबायला वेळही नसतो. १९७८ मध्ये रॉन लास्की आणि त्यांचे सहकारी झेनोपस बेडकाच्या अंड्यांवर काम करत होते. त्या अंड्यात हजारो पेशींना पुरेल इतका हिस्टोनचा साठा असतो, कारण फलनानंतर पेशी झपाट्याने दुप्पट होत जातात. अंड्याच्या अर्कात, शरीरात असतं तेवढ्याच मिठात, न्यूक्लिओसोम व्यवस्थित तयार होत होते. ते घडवणारं प्रथिन त्यांनी वेगळं काढलं, तेच न्यूक्लिओप्लाझ्मिन. हे पहिलं ओळखलं गेलेलं हिस्टोन शॅपरोन. त्याच्या अंगावर ऋण भाराचे पट्टे असतात. हिस्टोनचा धन भार ते झाकून ठेवतं, त्याला भलतीकडे चिकटू देत नाही, आणि योग्य वेळी डीएनएच्या हवाली करून स्वतः बाजूला होतं.

पुढे अशी बरीच प्रथिनं सापडली आणि प्रत्येकाची जबाबदारी वेगळी निघाली. पेशी दुभागण्याआधी डीएनएची नक्कल होते, तेव्हा जुने हिस्टोन दोन्ही प्रतींत वाटले जातात आणि उरलेल्या जागी नवे लागतात. तिथे एएसएफ१ नावाचं शॅपरोन नवे एच३-एच४ आणून देतं आणि सीएएफ-१ नावाचं दुसरं ते ताज्या डीएनएवर बसवतं. फॅक्ट नावाचं शॅपरोन जनुक वाचलं जाताना वाटेतला न्यूक्लिओसोम सैल करतं आणि वाचन झाल्यावर पुन्हा बांधायला मदत करतं. म्हणजे ही प्रथिनं गाठोडं बांधतातही आणि उघडतातही. कुठलं जनुक उघडं राहणार आणि कुठलं मिटलेलं, यावर यांचा हात असतो. म्हणूनच आई, तयार न्यूक्लिओसोमच्या चित्रात ही दिसत नाहीत याचा अर्थ ती दुय्यम आहेत, असं मला अजिबात वाटत नाही.

आणि आता मी ज्यावर काम करते ते. न्यूक्लिओप्लाझ्मिनच्याच कुळातलं आपल्या शरीरातलं एक प्रथिन म्हणजे एनपीएम१. ते बहुतांश केंद्रकातच, त्यातल्या केंद्रिका नावाच्या दाट भागात वसलेलं असतं. प्रौढांमधल्या तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगात सुमारे एक तृतीयांश रुग्णांत याच्या जनुकात बदल सापडतो, हे २००५ मध्ये उघड झालं. त्या बदलामुळे प्रथिनाचं शेपूट वेगळं होतं आणि ते केंद्रक सोडून बाहेरच्या पेशीद्रवात जाऊन राहतं. आज निदान करताना हा बदल तपासतात, आणि उपचारांनंतर आजार किती शिल्लक आहे हे पाहायलाही त्याचा उपयोग होतो. खारघरला अ‍ॅक्ट्रेकच्या, म्हणजे आमच्या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्राच्या, आवारातच रुग्णालय आहे. सकाळी प्रयोगशाळेकडे जाताना फाइल छातीशी धरून बसलेली माणसं दिसतात, तेव्हा तुझा प्रश्न मला परका वाटत नाही. त्यांच्यापैकी कुणाला माझ्या जेलचा उद्या उपयोग होईल, असं मी म्हणणार नाही. पण जे प्रथिन आपली जागा सोडून गेलं, ते जागेवर असताना नेमकं काय करत होतं, हे कुणीतरी नीट बघायलाच हवं. ते मी बघते आहे.

रविवारी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येते, जेलचे फोटोही आणते. बाबा, जे कळलं नाही तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. आई, तूही.

तुमची,
मृणाल