केमोची नोंद रुग्णाच्या हातात द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगावरच्या अँटिबॉडी उपचारांविषयी आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण आधी झालेल्या केमोचा पुढच्या उपचारांशी काय संबंध, यावर त्यात एक ओळही नाही. आमच्या घरी नेमकं तिथेच अडलं होतं.

आमच्या यांना फॉलिक्युलर लिम्फोमा. चार वर्षांनी गाठी परत आल्या. नव्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "काकू, आधी कोणती औषधं झाली? शेवटची सायकल कधी?" मी पिशवीतून फाईल काढली. डिस्चार्ज कार्डावर "केमो, ६ सायकल" एवढंच. बिलं त्या गुळगुळीत कागदावरची, अक्षरं पार उडालेली. मी बँकेत नोकरी केलेली बाई, पासबुकात नोंद नाही तर व्यवहारच झाला नाही असं मानणारी. लाज वाटली.

हे का विचारतात, ते डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. रितुक्सिमॅब हे अँटिबॉडी औषध कर्करोगाच्या पेशीवरच्या सीडी२० नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, पण पुढचं मारण्याचं बरंचसं काम आपल्याच प्रतिकारपेशी करतात. मोसुनेटुझुमॅब, ग्लोफिटामॅब या नव्या दुहेरी अँटिबॉडी तर एका टोकाने रोगट पेशी धरतात आणि दुसऱ्या टोकाने आपली टी-पेशी, म्हणजे प्रतिकारपेशींचाच एक प्रकार. बेंडामस्टिनसारख्या केमोच्या औषधाने टी-पेशी कित्येक महिने कमी राहतात. मग अँटिबॉडीने बोलवायचं कुणाला? भारतात २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कार-टी उपचारातही रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत द्याव्या लागतात, त्यामुळे बेंडामस्टिन नुकतंच झालं असेल तर तिथेही अडचण. डॉक्सोरुबिसिनचं, म्हणजे केमोतल्या त्या लाल औषधाचं, दुखणं वेगळं: हृदयाला धोका असल्याने ते आयुष्यभरात ठरावीक मात्रेपलीकडे देता येत नाही. आधी किती गेलं हेच माहीत नसेल तर हिशेब कशाच्या जोरावर करणार?

हे वाचून कुणी केमो नाकारू नये, ही हात जोडून विनंती. रितुक्सिमॅब आणि केमो जोडीने दिल्याचा फायदा कित्येक रुग्णांना झालेला आहे.

जुन्या हॉस्पिटलात मी तीनदा खेटे घातले. तिकडे जायचं म्हणजे कोथरूडहून दोन बस. दोनदा रेकॉर्डवाले जेवायला गेलेले. तिसऱ्यांदा औषधांच्या काउंटरवरच्या मुलीने बिलांचा कॉम्प्युटर उघडला आणि दोन मिनिटांत सगळं छापून हातात ठेवलं: रितुक्सिमॅब, बेंडामस्टिन, किती मिलिग्रॅमच्या किती बाटल्या, प्रत्येक सायकलची तारीख. पैशांची नोंद चोख, उपचारांची मात्र अर्ध्या ओळीत!

शेवटच्या सायकलनंतर असा एक कागद, प्रत्यक्ष दिलेल्या मात्रेसह, हॉस्पिटलांनी न मागता द्यावा. हिपॅटायटिस बी च्या तपासणीचा निकालही त्यावर असावा, कारण रितुक्सिमॅबने तो दबलेला विषाणू पुन्हा उठू शकतो. आमच्या कागदाच्या मी चार झेरॉक्स काढल्यात. एक यांच्या पाकिटात असते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे