डाव्या पायावर पुन्हा भार देताना : माझ्या फिजिओताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले तेव्हा डाव्या गुडघ्याच्या एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) शस्त्रक्रियेला दहा महिने झाले होते, सूज उतरली होती, दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी भरत होती आणि कागदोपत्री मी कबड्डी खेळायला मोकळी होते. तरीही चढाईत बोनस रेषेजवळ पोचले की डावा पाय पुढे पडत नसे. आमच्या तेव्हाच्या प्रशिक्षकांनी याला ‘नाटक’ म्हटले आणि घरच्यांनी ‘मन घट्ट कर’ असे समजावले. मन घट्ट करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कोणीच सांगितले नाही.

तुम्ही गुडघ्याला हात लावण्याआधी बारा प्रश्नांची प्रश्नावली पुढे ठेवलीत. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल या विचाराने खेळणे टाळावेसे वाटते का, या प्रश्नाशी माझे पेन बराच वेळ अडले होते. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण ५५ टक्के खेळाडूच स्पर्धात्मक खेळात परततात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आढळले होते आणि न परतण्यामागे पुन्हा दुखापत होण्याची भीती हेही एक मोठे कारण असते, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मी भित्री असल्याची माझी खात्री प्रथमच डळमळली.

माझी भीती तुम्ही अगदी नेमकी शोधून काढलीत. बोनस घेताना मागचा पाय हवेत असावा लागतो, म्हणजे क्षणभर सगळे अंग रेषेपलीकडच्या एकाच पायावर येते आणि तिथूनच वळून मध्यरेषेकडे परतायचे असते. माझा गुडघा गेला होता तो याच वळणावर. म्हणून आधी रिकाम्या मॅटवर नुसते चालणे, मग समोर एक रक्षक पण पकड नाही, मग फक्त मनगटाची पकड, असे तुम्ही मला पायरीपायरीने नेलेत आणि प्रत्येक वेळी भीतीला दहापैकी किती गुण द्यायचे ते वहीत लिहून घेतलेत.

घोट्याच्या पकडीच्या दिवशी मी नऊ लिहिले होते. त्या दिवशी तुम्ही ओढणी कमरेला खोचून स्वतःच कोपऱ्यात ओणव्या झालात आणि माझा डावा घोटा दोन्ही हातांनी धरून शांतपणे म्हणालात, ‘आता सोडव.’ (पकड कच्ची होती, हे आज सांगायला हरकत नसावी.) घोटा सुटला, मी वहीत सहा लिहिले आणि भिंतीकडे तोंड करून रडले; तेव्हा तुम्ही काहीही न बोलता पुढची वेळ नोंदवत राहिलात, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

गेल्या महिन्यातल्या निवड चाचणीत मी डावा पाय टाकून बोनस घेतला. त्याच चढाईत माझी पकडही झाली आणि संघात निवड झाली नाही. त्या रात्री वहीत मी चार लिहिले आहेत.

तुमची कृतज्ञ,
एक चढाईपटू