आत्याच्या अल्बमसाठी आभार

आत्या गेली त्याच आठवड्यात पाइप फुटून तिचा अल्बम भिजला. चार पिढ्यांची नावं तिने फोटोंच्या मागे लिहिलेली. दुसरीकडे कुठेच नोंद नाही. मी फोटो ओढून सुटे करणार होते. अभिलेखागारातल्या ताईंनी फोनवरच थांबवलं: "तसेच सुकू देऊ नका, चिकटतील. स्वच्छ थंड पाण्यात ठेवा." ४८ तासांच्या आत सुकवायला हवेत, म्हणून सुट्टी असूनही त्या स्वतः आल्या. फोटो कडांना धरून अलगद सोडवले, टीपकागदावर चेहरा वर करून ठेवले. आत्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, शाई असती तर पसरली असती. ठेवण्याआधी प्रत्येक नाव त्या मोठ्याने वाचत, मी वहीत उतरवत गेले. पणजीचं माहेरचं नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझा हात थांबला, तर त्याही थांबल्या. ताई, तुमचंच नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार.